बाहेरची पट्टी

पौर्णिमाने आपल्या धावण्याच्या बुटांत कापसाचे बोळे कोंबले, अंगठ्याने दाबून बसवले आणि ते बूट वांजिरूच्या पायांत चढवले.

"बोटाले लागते का?"

"नाई. पण मले धावता नाई येत, पौर्णिमा. खरंच नाई येत."

विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून केनियाहून हिंगणघाटला आलेल्या या मुलीने मराठी पौर्णिमाच्याच स्वयंपाकघरात उचलली होती. नैरोबीत ती व्हायोलिन शिकत असे आणि बस सुटली तरी धावत नसे. हे ती आठवडाभर साऱ्या महाविद्यालयाला सांगत होती. केनियाची मुलगी आणि धावत नाही, हा विनयच समजून सारे कौतुकाने हसत होते. पाहुण्याने पोळीला नको म्हणावे आणि यजमानाने ती वाढावीच, अशी जिथली रीत, तिथे खरा नकार कोणत्या शब्दांत द्यायचा?

राष्ट्रीय क्रीडा दिन होता. काळ्या मातीच्या मैदानावर चुन्याने सहा पट्ट्या आखल्या होत्या. चारशे मीटरमध्ये पहिली येणारी मुलगी विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी नागपूरला जाणार होती. गेली दोन वर्षे ती मुलगी पौर्णिमा होती, आणि तिचे महाविद्यालयाचे हे शेवटचे वर्ष होते. यंदा सहाव्या, अगदी बाहेरच्या पट्टीवर वांजिरूचे नाव पुकारले गेले.

"मले सरले सांगू दे," वांजिरू उठू लागली.

पौर्णिमाने तिचा पाय धरून ठेवला.

"सरानं नाई काढलं मले. बाबानंच सांगतलं, पट्टी पाहुणीले द्या म्हणून."

"काऊन?"

"तिकडं पाह्य."

मंचावर प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी पौर्णिमाचे वडील, हरिदास, बसले होते. तहसील कचेरीतल्या या कारकुनाने असल्या मंचांवर आजवर खुर्च्या मांडल्या होत्या. बसण्याचा प्रसंग पहिलाच. स्वागताची शाल घडी करून त्यांनी मांडीवर घेतली होती आणि ती कोणी परत मागेल अशा धास्तीने तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते. केनियाची धावपटू यांच्याच घरी राहते, हे निवेदक पुनःपुन्हा सांगत होता, आणि दरवेळी हरिदास किंचित उठून हात जोडत होते.

शिट्टी झाली.

"केनिया! उडव चिखल!" कुंपणावरची पोरे ओरडली.

अर्ध्या फेरीतच वांजिरूच्या छातीत कळ भरली. आता साऱ्याजणी पुढे निघून जातील आणि हे खोटे एकदाचे संपेल, या आशेने तिने वेग सोडला. कोणी पुढे गेले नाही. तिने मागे पाहिले. पाचही मुली हात आखडून, पावले मोजून टाकीत तिच्या मागे येत होत्या. ती जवळजवळ चालू लागली. त्याही चालू लागल्या.

"जा ना पुढं!" ती धापा टाकीत म्हणाली.

"तू जाय वो," मागून एकजण हसली. "पाहुणीले हरवते का कोणी?"

वांजिरू थांबणारच होती, तोच चुन्याच्या रेषेबाहेरून चिखल तुडवणाऱ्या पावलांचा आवाज आला. पौर्णिमा अनवाणी धावत तिच्या बरोबरीला आली.

"थांबू नको. बाबा पाहून राह्यले. चाल, मी आहो."

हशा उसळला, टाळ्या झाल्या. घरची मुलगी पाहुणीला धीर देते आहे, असे निवेदकाने गहिवरून सांगितले. काही पावले पौर्णिमा खरोखरच सोबत धावली. मग तिची मान ताठ झाली, हात उघडले, आणि तिने पुन्हा वळून पाहिले नाही. वांजिरू फितीपर्यंत पोहोचली तेव्हा पौर्णिमा फितीच्या बाहेरून, कधीच, फार पुढे निघून गेली होती.

फीत वांजिरूच्या छातीला चिकटली. कोणीतरी तिच्या गळ्यात हार घातला. तिने हाराआडून मंचाकडे पाहिले.

सारा मंच उभा राहून टाळ्या वाजवीत होता. हरिदासही उभे होते. शाल त्यांच्या पायांशी पडली होती आणि ते विजेत्या पाहुणीकडे पाहत नव्हते. मैदानाच्या टोकाशी, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या पौर्णिमाच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे ते पाहत होते.