जावईबापूंचे केस

आमच्या कुत्र्याला घरात जावईबापू म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं. कागदावरचं त्याचं नाव सात शब्दांचं आहे, ते फक्त माझ्या नवऱ्याला पाठ आहे. सासूबाई म्हणाल्या, "घरात लेक नाही, पण जावयाचा थाट बघा."

थाट आहेच. जात लांब केसांची, केस जमिनीला टेकतात. ते तुटू नयेत म्हणून रोज एकेक बट विंचरायची, तेल लावायचं, बटरपेपरच्या पुडीत गुंडाळायची आणि वर रबर. बेचाळीस पुड्या. पायांत मोजे. पाणी पिताना गळ्यात लाळेरं. गवतावर सोडायचं नाही, कुसळं अडकतात. सहा वर्षांच्या या कुत्र्याने एकदाही माती उकरलेली नाही.

मी गणवेशाच्या कारखान्यात इस्त्री करते. आठ तास उभी. घरी आलं की आणखी दोन तास उभी, हातात कंगवा.

"तुझ्या सासऱ्यांची मी एवढी सेवा केली असती ना," सासूबाई म्हणतात, "तर ते आज इथे बसून मला शिव्या घालत असते."

कुत्र्यांच्या स्पर्धांची हौस नवऱ्याची, रिंगणात पळायचं मी. त्याचा गुडघा गेलाय. चॅम्पियन व्हायला तीन प्रमाणपत्रं लागतात. दोन होती. तिसरं चार वर्षं हुलकावणी देत होतं. माझी बहीण दवाखान्यात होती, तेव्हाही मी कुठल्याशा हॉलमध्ये परक्या माणसाला कुत्र्याचे दात दाखवत होते. शेवटी मी विचारलं, "तिसरं मिळालं की काय?"

"की बंद. केस कापू, मोकळा सोडू त्याला. आईशपथ."

त्याची आई शेजारीच बसली होती. "माझी शपथ घेताना मला विचारत जा," ती म्हणाली.

मग पायाचं निघालं. उठताना डावा मागचा पाय तो टेकवेना. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, खुबा झिजलाय, पळवू नका. नवऱ्याने मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी मला गल्लीत पळवून बघितलं. हळू चालवलं की कुत्रा लंगडायचा. पण एका ठरावीक वेगाने दुडक्या चालीत नेला की लंगडणं केसांच्या हेलकाव्यात बुडून जायचं.

"हाच वेग," तो म्हणाला. "अंगात मुरव."

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मलाही तिसरं हवंच होतं. हे लिहून ठेवते, नाहीतर सगळं पाप एकट्या नवऱ्याच्या माथी जाईल.

त्या रविवारी रिंगणात माझ्या गालात उकडलेल्या काळजाचा तुकडा होता. कुत्र्याने मान वर ठेवावी म्हणून सगळेच तोंडात ठेवतात. शेजारी दाताचे डॉक्टर त्यांचा कुत्रा घेऊन उभे. ते त्याचे दात दोनदा घासतात, पेशंट मात्र ताटकळतात.

"वहिनी, मीठ घातलंय का आज?" ते पुटपुटले.

"तुमच्या बायकोला विचारा, घरी तुमच्या ताटात तरी मीठ असतं का."

परीक्षक एक म्हातारी बाई होती. सकाळपासून ऐंशी कुत्री चाचपून तिचे हात थकले होते. तिने आम्हा दोघांना पुढे काढलं. डॉक्टरांना एक फेरी मारायला लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही जरा हळू चालवा बघू."

मी चार पावलं खरंच हळू टाकली. पाचव्या पावलाला पट्टा वर ओढला आणि तो वेग पकडला. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. काळजाकडे नाही, माझ्याकडे. पण पळाले. त्याच वेळी परीक्षकबाईंनी खाली वाकून बुटातून टाच काढली आणि चोळत बसल्या. मान वर केली तेव्हा आमची फेरी संपली होती. त्यांनी उसासा टाकला आणि आमच्याकडे बोट केलं.

तिसरं मिळालं. नवरा रडला. कुत्र्याला मिठी मारली तीसुद्धा हवेतल्या हवेत, केस विस्कटू नयेत म्हणून.

गाडीत म्हणाला, "पुढच्या महिन्यात बाहेरून मोठा परीक्षक येतोय. एवढं एक करू."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"अगं, चॅम्पियनला कोणी घरी बसवतं का?"

दुपारी घरी पोचलो. तो अंघोळीला गेला. मी कुत्र्याला टेबलावर घेतलं आणि कात्री उचलली. पहिली बट पाठीवरची. सासूबाई आल्या, बघितलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"शेपटीला थोडे ठेव," म्हणाल्या. "अब्रू म्हणून."

सहा वर्षांचे केस वीस मिनिटांत खाली आले. नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तो नुसता उभा राहिला.

"हा एवढासाच आहे?"

मग त्याला मांडी दिसली. डावी. उजवीच्या निम्मीही राहिली नव्हती, काठीला कातडं गुंडाळल्यासारखी. रोज दोन तास मीच विंचरत होते. मलाही ती आत्ताच दिसली.

त्याने कुत्र्याला उचलून खाली ठेवलं आणि सवयीने, रिंगणातल्यासारखे, चारही पाय ओळीत लावले, हनुवटी वर केली. कुत्रा बसला. त्याने पुन्हा उभा केला. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा नवऱ्याचे हात पोटाखाली गेले आणि तिथेच थांबले. मग दुखरा गुडघा धरत तोही फरशीवर बसला.

"बसू दे रे त्याला," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू काय उभी? तूही बस."

टेबलाशेजारच्या खुर्चीभर केस पडले होते. मी झाडले नाहीत. बसले.