कोऱ्या बशीतलं हिरवं

माझ्या प्रयोगशाळेत येणाऱ्याने आधी अंगातले कपडे बघावेत. पॉलिस्टरचा शर्ट असेल तर दारातूनच बोलावं. लोक हसतात, हसू देत. पाण्यातले प्लॅस्टिकचे बारीक कण मोजायचे तर आपल्या अंगावरून गळणारे कण आधी आवरावे लागतात. म्हणून माझ्याकडे सगळं काचेचं नाहीतर स्टीलचं, अंगात सुती कोट आणि टेबलाच्या कोपऱ्यात स्वच्छ पाण्याची एक उघडी बशी. तिला आम्ही कोरी बशी म्हणतो. नमुन्याचे जे जे हाल होतात ते सगळे तिचेही होतात. शेवटी तिच्यात काही सापडलं, तर ते नमुन्यातलं नव्हे, आमचं पाप.

यंदा नमुना आला तो नेमका दादाच्या मैदानाचा. दादा माझा थोरला भाऊ, मुलींना फुटबॉल शिकवतो. पूर्वी त्या मैदानात अर्धं वर्ष चिखल असायचा. दादाने जिवाचं रान केलं, दारोदार खेटे घातले, तेव्हा कुठे तिथे कृत्रिम गवत आलं. आता त्या गवताची प्लॅस्टिकची पाती आणि बुडाशी पसरलेले रबराचे काळे दाणे पावसाबरोबर गटारातून ओढ्यात जातात, अशी तक्रार झाली होती. प्रमाण मर्यादेबाहेर निघालं तर गटाराला गाळण्या बसेपर्यंत मैदानाला कुलूप, आणि गाळण्या कधी बसतील हे कुणीच सांगत नव्हतं. इकडे मुलींची पहिली मोठी स्पर्धा तोंडावर आलेली.

मी साहेबांना म्हटलं, हे काम माझ्या गळ्यात नको, भावाचा मामला आहे. ते म्हणाले, मग कुणाला देऊ, इथे येतंय कुणाला? तेही खरंच होतं. दादा, वहिनी आणि मी एकाच घरात राहतो, त्यामुळे जेवताना या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, असं मी दादाला बजावून ठेवलं. शब्द त्याने पाळला. पण साधं मीठ मागतानाही तो माझ्याकडे निकाल मागितल्यासारखा बघायचा.

गटाराच्या तोंडाशी काचेच्या बरण्या भरल्या. पाणी स्टीलच्या चाळणीतून गाळलं, पालापाचोळा रसायनाने विरघळवला, उरलेलं मिठाच्या दाट पाण्यात सोडलं. त्यात माती बुडाशी बसते आणि प्लॅस्टिक वर येतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. शंका आली की तापवलेली सुई टेकवायची. खरं गवत सुईला दाद देत नाही, प्लॅस्टिक लगेच आकसतं. नमुन्यात हिरवं-काळं खच्चून भरलं होतं. मग कोरी बशी घेतली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिच्यातही हिरवी पाती होती.

कोरी बशी कोरी नाही म्हटल्यावर सगळं मोजमाप रद्द. पुढच्या पावसात नमुने पुन्हा घ्यायचे, असं साहेबांनी मैदानाला कळवून टाकलं. त्या संध्याकाळी दादा शीळ घालत घरी आला. गवताच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना आता कळेल, कचरा प्रयोगशाळेतच आहे, असं तो वहिनीला मोठ्याने सांगत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या खोलीत मी झाडाची कुंडीही ठेवू देत नाही, तिथे हिरवं येईलच कसं, मी विचारलं.

"तेच म्हणते मी," वहिनी सहज म्हणाली. "कोट तर मी किती स्वच्छ धुतला होता."

कोट प्रयोगशाळेतच हाताने धुवायचा, हा नियम माझाच. पण मोजणीच्या आधी तिथले नळ दुरुस्तीला काढले होते, म्हणून मी तो घरी आणून बादलीत भिजत घातला. माझे कष्ट वाचावेत म्हणून वहिनीने तो मशीनमध्ये टाकला होता. दादाच्या मोज्यांबरोबर.

मी मशीनची जाळी काढून पांढऱ्या ताटलीत झटकली. हिरवं आणि काळं. शेगडीवर सुई तापवून एका पात्याला टेकवली, ते आकसलं. वहिनी रडवेली झाली. मी तिला जवळ घेतलं, कारण कोट घरी आणणारी शहाणी मी होते. दादाने पायातला मोजा काढून उलटा केला. फरशीवर काळे दाणे टपटपले.

"मशीनचं पाणी जातं कुठे?" त्याने विचारलं.

"मैदानाचं जातं तिथेच."

तो खाली बसून फरशीवरचे दाणे एकेक वेचू लागला.

पुढच्या पावसात मी बरण्या घेऊन गटाराशी गेले, तर दादा आधीच तिथे उभा. अंगात लग्नानंतर कपाटात पडून राहिलेला सुती सदरा, बटणं पोटावर जेमतेम लागलेली. सदरा त्याने स्वतः बादलीत धुतला होता. मी त्याला बरण्यांना हात लावू दिला नसता, आणि त्यानेही तसं विचारलं नाही. तो लांब, नखशिखांत भिजत उभा होता. छत्रीचं कापड नायलॉनचं असतं, हे त्याच्या ध्यानात होतं. मला त्याची फार माया आली आणि रागही आला.

मोजणी संपली त्या दिवशी तो त्याच सदऱ्यात प्रयोगशाळेच्या दारात येऊन थांबला. मी आत बोलावलं आणि आधी कोरी बशी दाखवली. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बशी इकडेतिकडे सरकवायला लावली. तो काय शोधतोय हे मला कळत होतं. एक हिरवं पातं दिसलं असतं तर मैदान आणखी एका पावसापर्यंत वाचलं असतं, तेवढ्यात स्पर्धा होऊन गेली असती. खरं सांगते, ते दिसावं असं मलाही वाटलं.

"यात काहीच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग नमुन्याची दाखवू नकोस. लिही."

मी लिहायला बसले. दारात चपला घालता घालता तो फोनवर मुलींना सांगत होता की उद्यापासून सराव ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, जुने बूट घालून या, चिखल असेल.