सगळेच अहो

रमाबाईंना त्या रविवारी फक्त झोपायचं होतं. पण निवृत्तीनंतर आयुष्य उपभोगायचा जो चंग कमळाकररावांनी बांधला होता, त्यात झोपेला जागा नव्हती. आधी मधमाश्या पाळून झाल्या, मग पेटी शिकून झाली, आणि आता पनवेलच्या कॉलनीतली जोडपी गोळा करून नेऱ्याच्या वर, गाढी नदीत राफ्टिंग! शहाण्णव सालच्या पावसाळ्यात हे खूळ नवीन होतं, आणि नवीन खूळ दारातून परत पाठवणं कमळाकररावांना कधी जमलंच नाही.

"अहो, मी दमलेय. या खेपेला तुम्ही एकटे जा," रमाबाईंनी आदल्या दिवशी सांगून पाहिलं.

"हं," पेपराआडून उत्तर आलं. "आणि चपला नको, बूट घाल उद्या." बायकोचं 'अहो' त्यांच्या कानांना पंख्याच्या घरघरीइतकं सवयीचं झालं होतं.

गढूळ पाणी खडकांवरून उसळत होतं. दोन रबरी बोटी, त्यात जॅकेटं घालून फुगलेली पन्नाशी-साठीची माणसं. मागे बसलेला प्रशिक्षक स्वानंद ओरडे, "वल्हं मारा!" की रमाबाई मारत. जन्मभर कुणी ना कुणी सांगेल तसं करत आलेल्या बाईला त्यात नवीन ते काय? खांदे भरून आले होते. आतून नुसती चीड येत होती.

दुसऱ्या उतारावर बोट खडकाला घासून एका अंगाने उचलली गेली आणि कमळाकरराव पाण्यात पडले. स्वानंदने लगेच दोर फेकला. तो त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर पडला, पण त्यांचं तोंड दुसरीकडे. पुढे खडकांची रांगच होती.

"अहो! अहो!" रमाबाई किंचाळल्या.

दोन्ही बोटींतले झाडून सगळे पुरुष वळले. एकाने तर "काय गं?" असंही विचारलं. वळले नाहीत ते फक्त कमळाकरराव. कुणाची तरी बायको कुणाला तरी बोलावतेय, असंच त्यांना वाटलं असणार. दोर वाहून चालला.

लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव रमाबाईंच्या ओठांवर कधी आलं नव्हतं, ते त्या क्षणी बाहेर पडलं.

"कमळाकर! मागे बघ! दोर धर, मेल्या!"

ते गर्रकन वळले आणि त्यांनी दोर पकडला.

काठावर टॉवेल गुंडाळून ते मान खाली घालून बुटांतलं पाणी काढत बसले. रागावले असतील, असं रमाबाईंना वाटलं, आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाहीये, हेही जाणवलं.

"आई गेल्यापासून मला असं कुणी बोलावलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. डोळे भरले होते. "फार बरं वाटलं बघ."



"कमळाकर," त्या म्हणाल्या, "मी दमलेय रे."

त्यांनी चमकून मान वर केली. ही गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"कधीपासून?"

"तुझ्या आईला अंथरुणात भरवत होते ना, तेव्हापासून."