सांधणे : अर्थ सहावा

शब्द अमर असतो. निदान कोशाच्या कचेरीत तरी तसं मानत. शब्द कार्डावर लिहिला आणि कार्ड लाकडी खणात ठेवलं, की काळाच्या बापाचीही त्याला हात लावायची टाप नव्हती. त्या दिवशी खणांवरचा नळ फुटला आणि 'सांगणे'पासून 'सांडणे'पर्यंतची अमरता बादलीत पिळावी लागली.

'सांधणे' तेवढं वाचलं, कारण ते पुरवणींच्या टेबलावर होतं. पुरवणी हे टोपणनाव. मजकूर छापायला गेला की यांना हमखास काहीतरी आठवे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेले अर्थ सुवाच्य अक्षरात उतरवले. स्वतःचा म्हणावा असा एकही नाही. आज पाच वाजता ते निवृत्त होणार होते, आणि 'सांधणे' छापखान्यात जाणार होतं. मूळ संस्कृत, सम् आणि धा, म्हणजे एकत्र ठेवणे. अर्थ एकूण पाच.

"कुठल्या शहाण्यानं बसवला हा?" शिडीवरून प्लंबर म्हणाला. "गच्च ठोकलाय. फुटेल नाही तर काय!"

"जोडायचं म्हणजे गच्चच ना?"

"जोडणं वेगळं, काका. सांधणं म्हणजे आत सूतभर फट सोडायची. ऊन तापलं की नळ वाढतो. त्याला हातपाय पसरायला जागा नको?"

पुरवणींच्या हातातली बादली कलंडली. फट राखून जोडणे! पाचांतल्या एकाही अर्थात फट नव्हती. ते ओल्या चपलांनिशी मुख्य संपादकबाईंच्या खोलीत शिरले.

"छापील पुरावा?" बाईंनी मान वर न करता विचारलं. छापील वाक्याशिवाय कोशात अर्थ घ्यायचा नाही, हा नियम बाईंनीच केला होता.

पुरवणी परत शिडीखाली. "अहो, तुम्ही म्हणालात ते कुठे छापून आलंय का?"

"आलंय की," म्हणत प्लंबरने खिशातून आपल्या धंद्याचं कार्ड काढलं. 'सूतभर फट राखून नळ सांधून मिळतील.' "गिऱ्हाईक फट बघून भांडतं. म्हटलं, छापूनच टाकावं."

पुरवणींनी प्लंबरला दंडाला धरून बाईंसमोर उभं केलं. बाईंनी कार्ड वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "वाक्य उत्तम आहे," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या हे प्रथमच म्हणत होत्या. मग त्यांनी कार्ड उलटवलं. "तारीख कुठाय?"

"कार्डावर तारीख कोण छापतं, बाई? लग्नपत्रिका आहे का ती?"

"बिनतारखेचा पुरावा घेता येत नाही."

"नियम कुणाचा?" प्लंबरने विचारलं.

"बाईंचाच," पुरवणी म्हणाले. "लिहून मीच काढला होता."

पाच वाजता 'सांधणे' पाच अर्थांनिशी छापखान्यात गेलं. निघताना पुरवणींनी ते कार्ड फोनशेजारच्या भिंतीवर टाचणीने लावलं, आणि खाली सुवाच्य अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली.

नळ पुन्हा गळला नाही. त्यामुळे ते कार्ड अजून कुणी वाचलेलं नाही.