चिकटवलेले पाचवे प्रकरण

मित्रांनो, माझ्या पाठीवरची कापडी पट्टी पाहून तुम्हाला माझ्या वयाचा अंदाज आलाच असेल. मी एक जुनी कादंबरी आहे. पाने दोनशे सोळा, प्रकरणे बारा. त्यातले पाचवे प्रकरण फाटके आहे आणि आज मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मला लिहिणारा माणूस लोकांना चिमटे काढण्यात पटाईत होता. त्याने अशा नऊ कादंबऱ्या लिहिल्या. वाचक त्याला लाडाने ‘चिमटेबुवा’ म्हणत. मी त्यातली चौथी. माझ्या प्रत्येक प्रकरणात एकेका कामाची खिल्ली उडवली आहे. कुठे डॉक्टर, कुठे वकील, कुठे शिक्षक. छापखान्यात माझे खिळे जुळवणारा जुळारी एकटाच खो खो हसत असे. छापखान्यावरचे प्रकरण मात्र त्याने गंभीर चेहऱ्याने जुळवले आणि त्यात सात चुका ठेवल्या. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवे होते.

तिथून मी एका वाचनालयात आले. दोन खोल्या, लोखंडी कपाटे, खिडकीशी एक लांब टेबल आणि बारा मिनिटे मागे चालणारे घड्याळ. तिथल्या ग्रंथपाल बाईंना सगळे ‘ताई’ म्हणत. ताईचा पुस्तकांवर फार जीव. एखादे पान निसटले की तिचा चेहरा उतरे. माझ्या पाठीवरची पट्टी तिनेच लावली.

दर रविवारी सकाळी त्या टेबलाभोवती वाचक जमत. वाद ठरलेला: चिमटेबुवा वाचायचे, तर सुरुवात कुठून करायची?

“लेखक लिहीत गेला त्याच क्रमानं वाचावा,” निवृत्त मास्तर सांगत. “पहिल्या पुस्तकापासून.”

“पहिलं पुस्तक म्हणजे नुसता खोकला आहे, मास्तर,” दवाखान्यातला कंपाउंडर म्हणे. “औषध चौथ्यात सापडतं.”

चौथी म्हणजे मी! तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगत असे. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असते?

या वादावर ताईने एक तोड काढली. तिने माझ्या मागच्या पुठ्ठ्याला एक आखलेला कागद चिकटवला. मला वाचून झाले की प्रत्येकाने त्यावर आपले काम लिहायचे आणि सगळ्यात जास्त हसू आले ते पान लिहायचे. नवा वाचक आला की ताई त्याला ती यादी दाखवी. “यातलं आवडेल ते पान काढा आणि तिथूनच सुरू करा. आपल्या कामावरचं प्रकरण राहू द्या. उगाच मन खट्टू होतं.” सगळ्यांना ही युक्ती भारी आवडली. मी हातोहात फिरू लागले. वकील डॉक्टरांवर हसला, मास्तर वकिलांवर हसले, कंपाउंडर मास्तरांवर हसला. मी मात्र ज्याच्या हाती जाई, त्याच्याबद्दलचे पान तेवढे कोरे करकरीत परत येई.

मावशीची गोष्ट मात्र वेगळी होती.

मावशी मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत असे. बावीस वर्षे तेच काम. कोपरापर्यंत हातावर भाजल्याचे डाग. दर रविवारी ती स्टीलच्या पेल्यात लाँड्रीतली खळ घेऊन येई. चादरी कडक करायला मैद्याची जी खळ लागते, त्याच खळीने ताई माझ्यासारख्यांची फाटकी पाने जोडत असे. मावशीच्या यादीतले पान होते चौऱ्याऐंशी. पाचवे प्रकरण, बॉयलर तपासणारा साहेब.

ते पान ती सगळ्यांना वाचून दाखवी. माझ्या गोष्टीतला साहेब बुटांना काजळी लागेल म्हणून कधी खाली उतरत नाही. वरच्या केबिनमध्ये बसून तो जिन्यातून हाक मारतो, “बॉयलर, कसा आहेस?” आणि कारखान्याचा मॅनेजर टेबलाखाली वाकून घोगऱ्या आवाजात उत्तर देतो, “ठणठणीत, साहेब!” साहेब सही करतो. मावशी तो घोगरा आवाज इतका हुबेहूब काढी की मास्तरांना हसता हसता ठसका लागे.

एका रविवारी ती वाचता वाचता थांबली.

“हसू नका मास्तर,” ती म्हणाली. “आमच्याकडे हेच चाललंय. लाँड्रीच्या बॉयलरची वाफ सोडायची झडप दोन महिने झाले फुसफुसतेय. मुकादमानं तिच्यावर लोखंडाचा ठोकळा ठेवला. फुसफुस बंद! तपासनीस साहेब आले, वर चहा घेतला आणि गेले. खाली फिरकलेसुद्धा नाहीत.”

“मग तक्रार करा की,” कंपाउंडर म्हणाला.

“आणि खाऊ काय? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.” मग ती ताईकडे वळली. “ताई, ते साहेब तुमचे धाकटे भाऊ ना? त्यांना हे पुस्तक द्या. पाचव्या प्रकरणापासून सुरू करायला सांगा. आमच्या तोंडचं नाही ऐकायचे, पण छापलेलं वाचून तरी लाज वाटेल.”

ताई म्हणाली, “बघते.”

ताईने त्या भावाला आईच्या मायेने वाढवले होते. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शाळेत कोणी चिडवले तर तो दोन दोन दिवस जेवत नसे. मग ताट घेऊन त्याच्यामागे ताईच हिंडे. आता त्याचे केस पांढरे झाले होते, तरी ताईला तो त्या ताटापलीकडचाच दिसे. वाचनालय बंद झाल्यावर तिने मला टेबलावर उघडले. पाचवे प्रकरण काढले, पेल्यातली खळ बोटावर घेतली आणि पाच पानांच्या कडा एकमेकांना चिकटवून टाकल्या. मग वर वजन ठेवले. ती खळ मावशीने आणलेली होती. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी त्या दिवशी ओरडले असते.

चार दिवसांनी भाऊ आला. “ताई, या बुवांचं ऑफिसात फार ऐकतो. कुठून सुरू करू?”

“सातव्यापासून कर. पाचव्याची पानं खराब झालीत.”

तीन आठवडे मी त्याच्या घरी होते. माणूस वाईट नव्हता. गुडघे दुखत, त्यांना तेल चोळत तो मला वाचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. एकदा त्याचा अंगठा त्या जाड झालेल्या पानांवर अडखळला. त्याने मला खिडकीच्या उजेडाकडे धरले. आतला एखादा शब्द त्याला दिसला असावा, कारण त्याने मला झटकन मिटले. यादीत त्याने लिहिले: तपासनीस, पान एकशे सदतीस. ते प्रकरण आचाऱ्यांवर आहे.

“दिलंत का पुस्तक?” मावशीने विचारले.

“दिलं. खूप हसला.”

ताई खोटे बोलली नाही, पण माझ्याकडे बघायचे तिने टाळले. मावशीचा चेहरा मात्र फुलला. “हसले ना? मग झालं तर! पुढच्या तपासणीला उतरतात बघा खाली.”

पुढची तपासणी झाली. त्यानंतरच्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, कपाटे हादरली. खिडकीची एक काच माझ्या समोर फुटली. दवाखाना तिथून दोनच गल्ल्या दूर. ताई चष्मा न घेताच धावत सुटली.

लाँड्रीचा बॉयलर फुटला होता. तिथल्या तीन बायका गेल्या. त्यात मावशी होती.

त्या रविवारी कोणी वाद घातला नाही. मास्तर आले, टेबलाशी बसले आणि उठून गेले. मावशीचा पेला खिडकीत तसाच होता. तळाशी वाळलेली खळ तडकून तिचे पापुद्रे निघाले होते. तो धुवायचा कोणाला धीर झाला नाही.

दुपारी भाऊ आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणे वरखाली लागलेली. “ताई, चौकशी चाललीय,” तो म्हणाला. “तिथं बचावलेल्या बायका सांगतायत, गेलेल्यांतली एक म्हणायची, घाबरू नका. साहेबांनी पुस्तक वाचलंय, आता ते नक्की खाली उतरतील. ठोकळा दिसला की काढायला लावतील. त्या भरवशावर त्या तपासणीची वाट बघत रोज कामाला जात राहिल्या. कुठलं पुस्तक, ताई?”

ताईने मला त्याच्यासमोर ठेवले. त्याने टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि तिच्या कडेने माझी पाने सोडवू लागला. खळ चांगली होती, मावशी कामाला चोख होती. पाने सुटली, पण टराटर फाटत. एका पानावरची अक्षरे उचलून दुसऱ्यावर गेली. त्याने उभ्यानेच वाचले. “ठणठणीत, साहेब” या ओळीशी त्याचे बोट थांबले ते हलेना.

“वर बसून मी हेच विचारलं होतं,” तो म्हणाला. “‘काय, सगळं ठीक ना?’ एवढंच.” मग त्याने कडांवरची खळ नखाने खरवडली. “हे तू केलंस?”

“तुला लागलं असतं रे,” ताई म्हणाली.

“लागलंच असतं. चिडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो.” तो खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. “पण उतरलो असतो गं, ताई.”

जाण्यापूर्वी त्याने यादीतला आपला एकशे सदतीस खोडला आणि चौऱ्याऐंशी लिहिले. मावशीच्या आकड्याच्या बरोबर खाली. त्यानंतर तो वाचनालयात आला नाही. कामावरून तर तो गेलाच. ताईने त्याच्यासाठी दोनदा डबा नेला, दोन्ही वेळा तो तसाच परत आला.

आता मला फारसे कोणी नेत नाही. माझ्यावर धूळ बसते, कडा पिवळ्या पडल्या आहेत. नवा वाचक येतो, चिमटेबुवा कुठून सुरू करू असे विचारतो. ताई यादी दाखवत नाही. ती विचारते, “आपण काम काय करता?” आणि त्याच कामाचे प्रकरण उघडून त्याच्या हातात देते. बहुतेक जण चार ओळी वाचतात, हसू आवरते घेतात आणि मला टेबलावर ठेवून निघून जातात. ताई मला पुसून पुन्हा कपाटात लावते.

मित्रांनो, मला ओल्या हातांनी धरू नका, माझी पाने दुमडू नका, हे तर मी सांगेनच. पण दुमडले तरी एक वेळ चालेल, चिकटवू मात्र नका. ज्याच्यावर माया आहे त्याच्यासाठी तर मुळीच नाही. आणि कधी या वाचनालयात आलात आणि ताईने तुम्हाला तुमचे काम विचारले, तर खरे काय ते सांगा.