नऊ हजार चारशे बारा तास

प्रज्ञेशने लेबलवर नव्या ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग टिपला, वाचण्याचा टिपला आणि तिसऱ्या ओळीत शून्य लिहायला पेन टेकवलं. तिसरी ओळ चालू तासांची. ड्राइव्ह आजवर किती तास वापरला गेला, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. नव्याकोऱ्याचा आकडा शून्य, फार तर एक. पडद्यावर नऊ हजार चारशे बारा होते.

तो पेन तसंच टेकवून बसला.

दुकानातल्या उघड्या डेस्कटॉपमधून दोन वायरी टेबलावर आल्या होत्या. दोन्हींच्या टोकाला एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, काळे ड्राइव्ह होते. एक रावसाहेबांचा जुना, एक त्यांच्यासाठी मागवलेला नवा. आधी नव्याची चाचणी घ्यायची, तो पास झाला की जुन्यातलं सगळं त्याच्यावर उतरवायचं, असं ठरलं होतं. नारायण पेठेतले बाकीचे दुकानदार अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन फुगलेला आकडा गिऱ्हाइकाला दाखवतात. प्रज्ञेश तसला नव्हता. स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीला जोरात पळतो आणि मग दम टाकतो, म्हणून तो अख्खा ड्राइव्ह काठोकाठ लिहून बघायचा. या चाचणीत आधीचं काही शिल्लक राहत नाही. प्रोग्रॅम तसं लाल अक्षरांत विचारतोही. पण शेकडो वेळा ‘हो’ म्हणून झालेला माणूस लाल अक्षरं वाचत नाही.

चाचणी छत्तीस मिनिटं चालली होती. आलेख शेवटपर्यंत सरळ होता. दृष्ट लागावी असा निकाल.

रावसाहेब भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. गेली अकरा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली माणसं शोधायची, त्यांच्यापुढे रेकॉर्डर ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. अशी एकसष्ट माणसं त्यांना सापडली. त्यांतली आता चार हयात होती. ते एकसष्ट आवाज त्या जुन्या ड्राइव्हवर होते, सकाळपर्यंत.

प्रज्ञेशला काहीच वाटलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर लावण्यावरून कुणाला तरी अतिशय शुद्ध भाषेत फाडून खात होतं. त्याने लेबल सोलून काढलं आणि घडी करून खिशात ठेवलं. ते का ठेवलं, हेही त्याला सांगता आलं नसतं.

रावसाहेब समोरच्या अमृततुल्यमधून चहा पिऊन परत आले.

“झाला का पास?”

“झाला.”

“मग तोंड का नापासाचं?”

“काका, चाचणी चुकून तुमच्या ड्राइव्हवर घेतली मी. जुन्या. त्यातलं सगळं गेलं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं.”

“परत काढता येतं म्हणतात ना?”

“नुसतं पुसलं असतं तर बघता आलं असतं. त्यावर दुसरं लिहिलं गेलंय. टोकापर्यंत.”

रावसाहेब स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

“प्रत्येकाला सांगत होतो मी,” ते म्हणाले. “बोला निर्धास्त. आता हे कुठे जात नाही.”

प्रज्ञेश उभाच होता. माफी मागायला हवी हे त्याला कळत होतं, पण त्याने नुसत्या दोन्ही ड्राइव्हच्या वायरी काढून बाजूला ठेवल्या.

मग रावसाहेबांनी पिशवीतून डायरी काढली.

“पेन दे तुझं. प्रत्येक घरात त्यांच्या त्यांच्या माणसाची प्रत दिलेली आहे मी. पेनड्राइव्हवर. खात्यातली सवय, नक्कल हातात ठेवल्याशिवाय उठायचं नाही. एकसष्ट घरं आहेत. मागून आणू.”

एवढं ऐकून प्रज्ञेशच्या जिवात जीव यायला हवा होता. तो आला नाही, कारण काका पुढे काय म्हणणार ते त्याला कळून चुकलं होतं.

“पहिलं नाव तुझ्याच घरचं. कांताबाई. बावन्न मिनिटं. आजी गेल्या त्या महिन्यात तुझ्या हातात दिला होता मी. निळा.”

निळा पेनड्राइव्ह त्यांच्या मागेच भिंतीवर खिळ्याला लटकत होता. उद्या ऐकू, रविवारी ऐकू, असं करत तो दोन महिने गल्ल्यात पडून राहिला. मग एका घाईच्या दुपारी विंडोज टाकायला रिकामा पेनड्राइव्ह सापडेना. तेव्हापासून त्याच्यावरून निम्म्या पेठेतली मशीन चालू झाली होती.

“नाहीये तो,” प्रज्ञेश म्हणाला. “म्हणजे आहे. त्यात ती नाही.”

“ऐकलं तरी होतंस?”

“नाही.”

रावसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. डायरीतल्या पहिल्या नावापुढची जागा त्यांनी कोरी सोडली आणि बोट खाली सरकवलं.

“द्वारकाबाई, विश्रांतवाडी. नातवाचा नंबर आहे, संतोष. लाव.”

प्रज्ञेशने नंबर लावला.

“जय भीम, संतोषदादा. रावसाहेब काकांच्या वतीने बोलतोय. तुमच्या आजीच्या आवाजाचा पेनड्राइव्ह दिला होता त्यांनी. तो आहे का अजून?”

“म्हणजे काय, आहे की!” पलीकडचा माणूस हसला. “दर पौर्णिमेला लावतो आम्ही. पोरांना पार पाठ झालंय. आजी मध्येच खोकते ना, तर ती पण तिथेच खोकतात. का हो, काय झालं?”

प्रज्ञेशने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. फोन कानाला तसाच धरून तो लहान पोरासारखा रडत राहिला.

रावसाहेब उठले. त्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“संतोष, मी रावसाहेब बोलतोय. काही नाही रे. उद्या सकाळी घरी आहेस ना? आम्ही दोघं येतो.”