बिनगाडीची टाकी

शंभूराजने जुनी ऑस्टिन दुकानासमोर उभी केली, तेव्हा हिंदुराव हातातलं काम टाकून उठले. लासुर्ण्याच्या या बागायतदार पोराने आजोबांची गाडी गोठ्यातून बाहेर काढल्याचं त्यांच्या कानावर आलंच होतं. इतक्या वर्षांची गाडी म्हणजे टाकी सडलेली असणार, आणि टाकी सडली म्हणजे बारामतीत हिंदुरावांकडेच येणार. कुठला पत्रा वापरायचा हेही त्यांनी चालता चालता मनात ठरवून टाकलं.

"या. कवा उतरवायची टाकी?" त्यांनी विचारलं.

"उतरवायची न्हाय आबा. नवीन बसवूनच आलोय. बारामतीत काम हुतं, म्हटलं तुमच्याकडं च्या घ्यावा."

"बसवली? कुनी?"

"इंदापूरच्या बिरदेवनं."

हिंदुरावांनी चहा सांगितला, पण आवाज जरा मोठाच निघाला. शंभूराजला त्यातलं काही कळलं नाही. सुखी माणसाला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही, आणि हा तर नव्या टाकीच्या आनंदात होता. त्याने गाडीचा मागचा बंपर धरला आणि गाडी जोरात हलवली.

"ऐका आबा. काय ऐकू येतंय?"

"काय न्हाय."

"तेच सांगतोय. अर्धी टाकी भरलीया, तरी हिंदकळल्याचा आवाज न्हाय, पत्रा थरथरत न्हाय. आमच्या दुसऱ्या गाडीची, मॉरिसची, तुमी केलेली टाकी हाय बघा, खड्ड्यात गेली की देवळातल्या घंटेगत वाजती. ह्या पठ्ठ्यानं आतनं कायतरी येगळंच केलंय."

"काय केलंय?"

"आता ते मला काय म्हाईत? टाकी तर बंद हाय."

चहा पिऊन शंभूराज गेला. जाताना हातही हलवला. हिंदुराव रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पोटात खरोखर दुखायला लागलं होतं.

हिंदुरावांचं सगळं आयुष्य पत्र्यात गेलं होतं. वडील चाळण्या आणि डबे करून बाजारोबाजार विकायचे. हिंदुरावांनी ट्रॅक्टरच्या डिझेल टाक्यांना डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून फटी बुजवायला, सुरुवात केली. मग एकदा पुण्याचे एक गृहस्थ एका पुरातन गाडीची टाकी घेऊन आले. टाकी कसली, गंजलेलं जाळंच होतं ते. जुन्या गाडीचे दिवे शोधले तर मिळतात, हँडलं मिळतात, आरसेही मिळतात. टाकी मात्र पोटातला अवयव. ती जपून ठेवावी असं कुणाला वाटत नाही. त्या गंजक्या तुकड्यांवरून हिंदुरावांनी नवी टाकी उभी केली आणि त्यांचं नाव झालं. कोल्हापूरपासून गाड्या यायला लागल्या. लग्नात कुणी ओळख करून दिली की 'टाकीवाले हिंदुराव' म्हणून देत, आणि हिंदुराव नको नको म्हणत ती ऐकून घेत.

अलीकडे मात्र ताडपत्री घातलेल्या जुन्या गाड्या टेम्पोवर चढून त्यांच्या दारावरून सरळ इंदापूरकडे जायला लागल्या होत्या. ताडपत्रीच्या उंचवट्यावरून आत कुठली गाडी आहे हे हिंदुरावांना ओळखू यायचं. ओळखू आलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटायचं.

दुपारी जेवताना त्यांनी कुशाबाईंपुढे विषय काढला.

"मेंढरामागं हिंडनारं घर त्याचं. त्याला पत्र्यातलं काय कळतंय?"

"आनि तुमचं वाडवडील काय मोटारी करत हुते?" कुशाबाई म्हणाल्या. "मामंजी डोक्यावर चाळण्या घिऊन आमच्या कऱ्हाटीला यायचे, मी बघितलंय. भाकरी खावा गप."

"आत काय केलंय तेवढं कळाय पायजे."

"मग इचारा की त्याला."

"मी इचारू? त्याला?"

"व्हय. न्हायतर मग जळत बसा."

विचारणं शक्य नव्हतं. शंभूराजची टाकी कापून बघणंही शक्य नव्हतं. त्या रात्री हिंदुरावांना झोप आली नाही, आणि सकाळी उठून त्यांनी जे ठरवलं ते या वयाच्या माणसाला शोभणारं नव्हतं. बिरदेवकडे गिऱ्हाईक म्हणून जायचं, एक टाकी करून घ्यायची, घरी आणायची आणि कातरीने उभी फाडून बघायची. बिरदेवने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. गाडी नसली म्हणून काय झालं, गाडीचं नाव तर सांगता येत होतं.

बाजाराला जातो असं सांगून ते इंदापूरच्या एसटीत बसले.

बिरदेवचं दुकान म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड होती. माणूस चाळिशीचा, काटक, बोलायला मऊ. हिंदुरावांना तो उर्मट असायला हवा होता. त्यांची अर्धी तयारी तिथेच फुकट गेली.

"बसा तात्या," बिरदेव म्हणाला. "गाव कुठलं?"

"मोरगाव."

"नाव?"

"रविराज," हिंदुराव म्हणाले. जावयाचं नाव पटकन तोंडात आलं. सत्तरीच्या तोंडाला ते शोभेना, पण आता ते मागे घेता येत नव्हतं.

"गाडी कंची हाय?"

"फोर्ड. जुनी हाय. आमच्या मामाची. बाभळीखाली उभी हाय कवाची."

"टाकी मागं बसती का शीटखाली?"

"मागं."

"जुनी टाकी आनली असती तर बरं झालं असतं. वाईच बघाया मिळाली असती."

"ती भंगारात गेली."

बिरदेवने खडू घेतला आणि जमिनीवरच्या पत्र्यावर चौकोन काढला. हिंदुरावांनी मापं सांगायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांच्या सवयीने ती आपोआप येत गेली. "लांबी सव्वीस इंच, रुंदी चौदा, उंची आठ. जोड दुमडायचा तर घडीला दोन सूत जादा धरा."

बिरदेवचा खडू क्षणभर थांबला. मग त्याने मापं लिहिली, "चालंल" म्हणाला, आणि आठवड्याने यायला सांगितलं. बाहेर पडताना हिंदुरावांनी शेडमध्ये नजर फिरवून घेतली. हातोड्या ओळीने लावलेल्या होत्या. जमीन झाडलेली होती. त्यांच्या स्वतःच्या दुकानात हातोडी शोधायला अर्धा दिवस जायचा, हे आठवून त्यांना आणखीच राग आला.

तो आठवडा त्यांनी कसाबसा काढला. एका ट्रॅक्टरच्या टाकीला डाग देताना बोट भाजून घेतलं. कातर मात्र चांगली धार लावून ठेवली.

ठरल्या दिवशी ते गेले तर शेडमध्ये बिरदेव नव्हता. त्याची बायको सिंधुबाई पुढे आली आणि तिने पाणी दिलं. टाकी कापडाखाली झाकून ठेवलेली होती. तिने कापड काढलं, आणि हिंदुराव पाण्याचा तांब्या हातात धरून नुसते बघत राहिले. कोपरे असे वळवले होते की कुठे हातोडीचा घाव दिसू नये. डाग सरळ, एकसारखा, कुठे जास्तीचा थेंब नाही. दोष शोधायला गेलेली नजर सगळीकडून फिरून परत आली.

मग त्यांना वरच्या बाजूला एक झाकण दिसलं. ताटलीएवढं गोल, खाली रबर घालून स्क्रूंनी बसवलेलं. असलं झाकण त्यांनी मागितलेलं नव्हतं.

"हे कशापायी?" त्यांनी विचारलं.

सिंधुबाई जरा अवघडली. पदर सारखा करत म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय, आबांना म्हनावं टाकी कापू नका. झाकन काढलं की समदं दिसतंय."

"कोन आबा?"

"तुमीच की. बारामतीचं हिंदुआबा."

हिंदुरावांनी तांब्या खाली ठेवला. नाही म्हणावं असं एकदा मनात आलं, पण विचारलं ते वेगळंच.

"त्याला कसं कळलं?"

"घडीचं सूत धरून माप सांगनारं गिऱ्हाईक आजवर आलं न्हवतं म्हनत हुते," सिंधुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "लोक म्हनत्यात येवढी मोठी, तेवढी मोठी, हात पसरून दावत्यात. घडी धरनारा मानूस म्हंजे आपल्यातलाच. आनि तुमचं हात बघितलं की त्यांनी."

हिंदुरावांनी हात मागे घेतले. भाजल्याचे डाग सगळ्या बोटांवर होते.

"मग तवाच का बोलला न्हाय?"

"म्हनले, येवढा मोठा मानूस नाव बदलून आलाय, कसं बोलायचं. आज बी मुद्दाम रानात गेल्यात. मी समोर असलो तर आबांना अवघड हुईल म्हनले."

हिंदुरावांना बसलेला मार तिला दिसत नव्हता. ती सांगतच राहिली. काही वर्षांपूर्वी झाडाला धडकलेली एक जीप बिरदेवकडे आली होती. तिची टाकी हिंदुरावांच्या हातची. ती चेपून फाटली होती म्हणून त्याने उघडली, आणि दोन दिवस दुसरं काम केलं नाही. तुकडे पुढे घेऊन बसला होता. तेव्हापासून तो म्हणायचा, की या माणसाला एकदा बघायचंय.

हिंदुराव पैसे देऊन, टाकी उचलून निघाले. कामात तो पुढे गेला होताच. आता मोठेपणातही पुढे गेला, हे तर त्यांना अजिबात सहन होईना. बिरदेवने रस्त्यात गाठून चार शिव्या दिल्या असत्या तर हिंदुराव हलक्या मनाने घरी गेले असते.

एसटीत त्यांनी टाकी मांडीवर घेतली. कंडक्टरने वाकून पाहिलं.

"कशाची हाय आबा?"

"मोटारीची टाकी."

"आनि मोटार कुठाय?"

"मोटार न्हाय," हिंदुराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. लासुर्ण्याच्या थांब्यावर शंभूराज दिसू नये म्हणून त्यांनी टोपी पुढे ओढली.

घरी कुशाबाईंनी टाकी पाहिली आणि नवऱ्याचं तोंडही पाहिलं. थोड्या वेळात त्यांनी सगळं काढून घेतलं. मग पदर तोंडाशी धरून त्या हसायला लागल्या.

"आपलं ठेवायचं झाकून आनि दुसऱ्याचं बघायचं वाकून," त्या म्हणाल्या. "बघा आता. त्यानं तर झाकनच काढायची सोय करून दिलीया."

टाकी हिंदुरावांनी मागच्या अंगणात उन्हात ठेवली, पेचकस आणला आणि एकेक स्क्रू काढला. झाकण बाजूला केलं. मोबाइलचा दिवा आत धरून ते वाकले.

पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवे पत्रे बसवतात, त्यांना भोकं असतात. एवढं तर कुणीही करतो. पण या पत्र्यांचा खालचा कोपरा अर्धगोल कापलेला होता, म्हणजे तळाशी गाळ अडकून गंज धरायला नको. तो काप हिंदुरावांचा होता. तरुणपणी एक सडलेली टाकी उघडून बघताना तो त्यांचा त्यांना सुचला होता. त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता. मुलगा असता तर दाखवला असता. मुलगी झाली, ती दिवसभर दुकानात त्यांच्या शेजारी बसून खेळायची, आणि तिला दाखवावा असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. आता तोच काप इंदापूरच्या टाकीत ओळीने, प्रत्येक पत्र्याला घातलेला होता.

आणि भोकांच्या कडा. त्यांनी दिवा जवळ नेला. प्रत्येक भोकाची कड हातोडीने गोल बाहेर वळवली होती. त्याने पत्रा ताठ राहतो. ताठ राहिला की थरथरत नाही, आणि थरथरला नाही की वाजत नाही. एवढंच होतं. इतकं साधं, की आपल्याला आयुष्यभर का सुचलं नाही, हे त्यांना कळेना.

"काय हाय आत?" कुशाबाईंनी विचारलं.

"माझंच हाय," हिंदुराव म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पन माझ्यापरास बरं केलंय."

कुशाबाई हसायच्या थांबल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाबद्दल असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "मग बरंच झालं की. तुमच्यामागं कुनीतरी करनारं हाय म्हनायचं."

"तू जा. भाकरी टाक."

त्या आत गेल्या. हिंदुरावांनी झाकण परत बसवलं, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. तोंडं बुचांनी बंद केली, एका नळीला सायकलचा पंप जोडून टाकीत हवा भरली आणि ती उचलून गुरांच्या हौदाशी नेली. टाकी कुठे गळते का हे बघायचा हाच रिवाज होता. पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. वळवलेले कोपरे चांगले, कडा चांगल्या, सगळं चांगलं. पण डागात सुईच्या टोकाएवढं भोक माणसाच्या हातून कधी ना कधी राहतंच.

हौदातलं पाणी हललं आणि मग हलायचं थांबलं, पण बुडबुडा काही दिसेना. हिंदुराव गुडघ्यावर बसून टाकीच्या कडा एकेक करून बघत होते. बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या होत्या.

"भाकरी निवतीया," आतून कुशाबाईंनी हाक दिली.

"आलो."

पण ते उठले नाहीत. हवेने भरलेली टाकी सारखी वर यायला बघत होती, आणि ते दोन्ही हातांनी तिला खाली दाबून धरत होते.